खांब खचला की जमीन चढली?

पाटण्यात कुम्हरार नावाची एक जागा आहे. स्टेशनपासून पाचेक किलोमीटर. आत बाग आहे, झाडाखाली बसलेली कॉलेजची मुलं आहेत, छोटंसं संग्रहालय आहे आणि एका शेडखाली आडवा ठेवलेला दगडी खांब आहे. तिकीट काढून आलेला माणूस दहा मिनिटांत बाहेर पडतो आणि म्हणतो, "एवढंच?"

एवढंच नाही. त्या हिरवळीखाली मौर्यांच्या पाटलिपुत्रातलं ऐंशी खांबांचं सभागृह आहे. खांब जवळजवळ सगळे गेले, उरल्या त्या त्यांच्या जागा. पण त्या जागांवरून गेल्या शतकात एक वाद झाला. दानापूरला माझं पोस्टिंग होतं त्या काळात तो वाद मी जमेल तिथून वाचून काढला. प्रश्न अगदी साधा आहे. एखादी उभी वस्तू, खांब म्हणा, झाडाचं खोड म्हणा, जमिनीच्या तीन-चार थरांतून आरपार गेलेली दिसते. मग नेमकं काय झालेलं असतं? वस्तू खाली गेली, जमीन वर आली, की तिसरंच काही घडलं?

मी सॅपर. आमची अर्धी नोकरी माती उकरण्यात जाते आणि उरलेली अर्धी ती परत भरण्यात. त्यामुळे इतिहासकारांच्या या भांडणात मला नको तितका रस आहे. खड्ड्याच्या भिंतीकडे पाहून जमिनीची कुंडली मांडायची, हे काम दोघांचंही सारखंच.

टाटांचे पैसे, स्पूनरची कुदळ

पाटलिपुत्राचा शोध आधी घेतला तो एका फौजी डॉक्टरने. लॉरेन्स वॅडेल हा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा अधिकारी. १८९० च्या दशकात त्याने पाटण्याच्या आसपास ठिकठिकाणी खणून पाहिलं आणि मेगॅस्थिनीसने वर्णन केलेली राजधानी इथेच होती, हे ठामपणे मांडलं. मेगॅस्थिनीसच्या वर्णनातली तटबंदी लाकडाची होती. तिला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते. बुलंदीबागेत जमिनीखाली जुनी लाकडं निघू लागली, तेव्हा त्या ग्रीक वकिलाचं बोलणं पोकळ नव्हतं हे दिसून आलं.

पुढचं मोठं उत्खनन कुम्हरारला झालं, आणि त्याचे पैसे मुंबईतून आले. जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी पुरातत्त्व खात्याला वर्षाला २०,००० रुपये देऊ केले. (हे रतन टाटा १९१८ साली वारले. आपल्या पिढीने पाहिलेल्या रतन टाटांचे ते दत्तक नात्याने आजोबा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्यांचा कलासंग्रह आहे.) खात्याने काम दिलं डेव्हिड ब्रेनार्ड स्पूनर या अमेरिकन अधिकाऱ्याला. पेशावरजवळच्या स्तूपात कनिष्काची अस्थिमंजूषा शोधून काढल्यामुळे त्याचं नाव झालेलं होतं.

१९१२-१३ च्या हिवाळ्यात कुदळ पडली. वरून खाली काय काय लागलं ते क्रमाने सांगतो, कारण सगळी गंमत या क्रमातच आहे.

सुमारे दहा फुटांवर गुप्तकाळातल्या विटांच्या भिंती. त्यांच्या खाली राखेचा थर, अंदाजे फूटभर जाडीचा. त्या राखेत चकचकीत पॉलिश केलेल्या वालुकाश्माचे तुकडेच तुकडे. राखेखाली आठ-नऊ फूट स्वच्छ, बारीक माती, जिच्यात वस्तू जवळजवळ नाहीत. आणि त्याच्याही खाली जुन्या सभागृहाची पातळी.

दगडाचे तुकडे कसेही विखुरलेले नव्हते. ते ढिगाढिगाने पडले होते, आणि एका ढिगापासून दुसरा ढीग बरोबर १५ फुटांवर. स्पूनरच्या लक्षात आलं की हे ढीग म्हणजे खांबांच्या रांगा आहेत. मग प्रत्येक ढिगाच्या जागी खाली खणून पाहिलं, तर स्वच्छ मातीतून सरळ खाली गेलेली गोल नळी. नळीत खांब नाही. नळीत राख आणि दगडाच्या चिपा. अशा एकूण ७२ जागा त्याने नोंदल्या. अख्खा म्हणावा असा एकच खांब मिळाला, तो १४ फूट ३ इंच लांबीचा आणि आडवा पडलेला.

आता तुम्ही स्पूनरच्या जागी उभे राहा. वर राख, मध्ये आठ-नऊ फूट कोरी माती, आणि त्या मातीतून ओळंब्यात उतरलेल्या राखेच्या ७२ नळ्या. काय अर्थ लावाल?

स्पूनरने लावलेला अर्थ असा. सभागृह उभं होतं. मग मोठा पूर आला आणि त्याने सभागृहात आठ-नऊ फूट गाळ भरला. खांबांचा खालचा भाग गाळात गेला, वरचा भाग तसाच बाहेर राहिला. बऱ्याच काळानंतर आग लागली. छताचं लाकूड जळालं, खांबांचे उघडे भाग तडकून फुटले, तुकडे आणि राख गाळावर पडली. वर नव्या वस्तीच्या भिंती उठल्या. आणि शेवटी खांबांखालच्या लाकडी बैठका कुजल्या. बूड सुटलेले ते जड खांब मऊ जमिनीत सरळ खाली, अधिक खाली खचत गेले. जाताना मागे जी पोकळी राहिली तिच्यात वरची राख ओघळली. म्हणून नळी.

कल्पना मोठी देखणी आहे. बौद्ध परंपरेत बुद्धाने पाटलिपुत्राला तीन धोके सांगितले होते: आग, पाणी आणि आपसातली फूट. स्पूनरच्या कहाणीत त्यातले दोन एकाच खड्ड्यात हजर होते.

पण कहाणी देखणी असली म्हणून खरी ठरत नाही. ती तपासायची तर आधी पाहावं लागतं की उभ्या वस्तू जमिनीत जातात तरी कशा. त्याचे मार्ग तीनच. आणि तिन्ही बिहारमध्ये पाहायला मिळतात.

पहिला मार्ग: जमीन वर येते

१८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमध्ये कुसहा इथे कोसीचा बांध फुटला आणि नदीने आपलं सोडून दिलेलं जुनं पात्र पुन्हा धरलं. बिहारमध्ये तीस लाखांहून जास्त माणसांना त्याची झळ लागली. मदतीसाठी फौज बोलावली गेली. होड्या, ओबीएम, दोरखंड घेऊन आम्ही सुपौल-मधेपुरा भागात होतो. पाण्यातल्या दिवसांबद्दल मी आधी लिहिलं आहे. आज सांगायचं आहे ते पाणी उतरल्यानंतरचं.

जिथे भाताची हिरवी शेतं होती तिथे पांढरी वाळू पसरलेली. शाळेच्या खिडकीचा उंबरठा जमिनीला टेकलेला. आणि एका अंगणात हातपंपाचा नुसता दांडा वाळूतून वर आलेला. तिकडे हातपंपाला चापाकल म्हणतात. घरमालक आम्हाला समजावून सांगत होता की चापाकल जिथल्या तिथे आहे, जमीनच वर आली. मला वाटतं, पुरातत्त्वाचा पहिला धडा यापेक्षा सोप्या शब्दांत कुणी सांगू शकणार नाही.

त्याच्या मुलांनी पंप मोकळा करायला भोवती खड्डा खणला होता. त्या खड्ड्याच्या भिंतीत मला पट्टे दिसले. खाली जाड वाळू, वर बारीक वाळू, मग चिखलाची साय, त्यावर पुन्हा जाड वाळू. एखाद्याने तो खड्डा शंभर वर्षांनी पाहिला तर तो म्हणेल, चार थर, म्हणजे चार पूर, म्हणजे चार पिढ्या. प्रत्यक्षात तो एकच पूर होता. पाण्याचा जोर वाढला की जाड वाळू येते, जोर ओसरला की बारीक बसते, पाणी थांबलं की चिखल बसतो. पुन्हा लोंढा आला की पुन्हा तेच. थर मोजले म्हणजे वर्षं मोजली असं होत नाही. एका आठवड्यात चार थर पडतात, आणि जिथे नदी फिरकत नाही तिथे चारशे वर्षांत एकही पडत नाही.

पूल बांधणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. वाहत्या पाण्यात खांब उभा असला की पाणी त्याच्यावर आदळून खाली वळतं आणि बुडाशी भोवरा करतं. समोरच्या आणि कडेच्या अंगाची वाळू उकरली जाते. मागच्या बाजूला, जिथे पाणी मंद, तिथे वाळूची शेपटी बसते. पूर ओसरताना उकरलेला खड्डा परत भरतो. म्हणजे खरोखर पुरात गाडल्या गेलेल्या खांबाभोवतीचे थर इस्त्री केल्यासारखे सरळ नसतात. बुडाशी वाटीसारखा बाक असतो आणि एका अंगाला ढीग. पूर आपली सही करून जातो. ती वाचायला नजर लागते.

दुसरा मार्ग: वस्तू खाली जाते

स्पूनरचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, कारण बिहारच्या मातीत वस्तू खचतात हे सिद्ध झालेलं आहे. त्याच्या उत्खननानंतर वीसेक वर्षांनी, १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी मोठा भूकंप झाला. बिहारमध्ये सात हजारांवर माणसं गेली. सीतामढी, मधुबनीपासून पूर्णियाकडे पसरलेल्या एका लांबच लांब पट्ट्यात घरं नेहमीसारखी कोसळली नाहीत. ती जमिनीत बसली, कलली. भेगांमधून वाळू आणि पाणी उसळून आलं, शेतं वाळूने झाकली गेली, विहिरी वाळूने भरल्या. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला खचपट्टा म्हणावं अशा अर्थाचं नाव दिलं आणि त्याचा नकाशा काढला.

यामागचं कारण समजायला सोपं आहे. पाण्याने भरलेली सैल वाळू जोरात हादरली की दाण्यांचा एकमेकांना असलेला आधार सुटतो आणि काही क्षण ती जमीन घट्ट पातळ पदार्थासारखी वागते. वरचं जड ते खाली जातं.

पण त्या पट्ट्यातल्या घरांकडे पाहा. ती बसली, आणि कललीसुद्धा. कुठे एक कोपरा खाली, कुठे दुसरा. जमीन सगळीकडे सारखी मऊ नसते, वजन सगळीकडे सारखं नसतं. ज्या कुणी ओल्या जमिनीत लाकडी खुंट ठोकला आहे त्याला माहीत आहे की तो सरळ ठेवण्यासाठी किती झटावं लागतं. मग ७२ खांब, तेही फुटके, तेही बैठका कुजल्यामुळे, म्हणजे एकेक करून वेगवेगळ्या वेळी, आणि सगळे ओळंब्यात? हा प्रश्न मला स्पूनर वाचताना पहिल्याच दिवशी पडला.

शिवाय खचणारी वस्तूही सही करते. खाली जाताना ती शेजारच्या थरांना आपल्याबरोबर ओढते. थरांच्या कडा खाली वळतात, उशीत बोट रुतवल्यावर अभ्र्याला सुरकुत्या पडतात तशा. कडा वळलेल्या नसतील, थर सुरीने कापल्यासारखे तुटलेले असतील, तर वस्तू तिथे खचलेली नाही. तिथे कुणीतरी खणलं आहे.

तिसरा मार्ग: माणूस खड्डा करतो

हा मार्ग सगळ्यात साधा, आणि म्हणूनच सगळ्यात उशिरा सुचतो.

खांब उभा करायचा तर आधी खड्डा खणावा लागतो. तो खड्डा जुन्या थरांना कापत खाली जातो. म्हणजे खांब पहिल्या दिवसापासूनच अनेक थरांतून आरपार असतो. त्या थरांचं आणि खांबाचं वय एक नसतं. थर खांबाहून कितीतरी जुने असू शकतात. खांबाचं वय ठरतं ते ज्या पातळीवरून खड्डा खणायला सुरुवात झाली त्या पातळीवरून.

उलटा खड्डाही असतो. शेकडो वर्षांनी कुणी येतं, दगडाच्या लोभाने खांबाभोवती खणतं, खांब उपटून किंवा फोडून नेतं. राहिलेल्या भोकात आजूबाजूची राख, विटा, चिपा, जे असेल ते पडतं. आता तिथे खांब नाही, पण खांबाच्या आकाराची, वेगळ्या मातीची नळी आहे. बाहेरून पाहिलं तर खचलेल्या खांबाचा रस्ता आणि उपटलेल्या खांबाचं भोक दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो नळीच्या कडांवरून आणि तळाशी काय आहे त्यावरून.

युद्धसरावात आपण जे मोर्चे खणतो ते सराव संपल्यावर बुजवावे लागतात, हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी केलेलं आहे. पुढल्या वर्षी तीच जागा खणा. जुना मोर्चा लगेच ओळखू येतो. माती भुसभुशीत, रंग मिसळलेला, कडा सरळ. जमीन विसरत नाही. तिच्यात एकदा घातलेला घाव तिथेच राहतो, फक्त भरला जातो.

पॉलिश कुठे संपतं?

या तीन मार्गांतून निवड करायला अशोकाच्या खांबांनी एक छान खूण ठेवलेली आहे. खांबाचा जो भाग जमिनीत जायचा तो खडबडीत ठेवत, आणि जो बाहेर दिसायचा त्याला आरशासारखं पॉलिश करत. म्हणजे पॉलिश संपतं ती रेघ ही अशोकाच्या काळची जमीन, थोडी इकडेतिकडे.

आता वैशालीजवळ कोल्हुआला चला. तिथे एकटा सिंह डोक्यावर घेतलेला खांब आजही उभा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅमने तिथे खणलं होतं. कनिंगहॅम मूळचा बंगाल इंजिनिअर्सचा, म्हणजे आमच्याच बिरादरीतला. मेजर जनरल होऊन निवृत्त झाला आणि मग पुरातत्त्व खात्याचा प्रमुख म्हणून देशभर हिंडला. त्याने खांबाच्या कडेने १४ फूट खाली खणलं, तरी बूड लागलं नाही आणि खांब तिथेही गुळगुळीतच होता. म्हणजे जो भाग लोकांनी पाहावा म्हणून घोटला होता तो १४ फूट मातीखाली होता. इथे जमीन आणि खांब यांच्यात सरकासरक झाली, याबद्दल शंकेला जागा नाही.

सारनाथला तर खांबानेच डायरी लिहून ठेवली आहे. १९०४-०५ मध्ये एफ. ओ. ओर्टेल या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या इंजिनिअरने तिथे खणलं आणि चार सिंहांचं शीर्ष मिळालं. तेच आपल्या देशाची मुद्रा झालं, आणि तेच मेजरच्या खांद्यावर बसतं. खांबाचा बुंधा जागेवरच उभा सापडला. त्यावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख आहेत. पहिला अशोकाचा, संघात फूट पाडणाऱ्यांना ताकीद देणारा. दुसरा कुषाणकाळातला, राजा अश्वघोषाच्या चाळिसाव्या वर्षाचा. तिसरा गुप्तकाळाच्या सुरुवातीच्या लिपीतला, सम्मितीय आचार्यांचा उल्लेख करणारा. पाच-सहाशे वर्षं लोक त्या खांबापाशी येत राहिले, लिहीत राहिले, आणि भोवती नवी फरशी, नवी भर, नवं बांधकाम चढत गेलं. इथे पुराची गरजच नाही. माणसं एका जागी राहिली की जमीन आपोआप चढते. आपल्या गावातल्या जुन्या देवळात दोन पायऱ्या उतरून जावं लागतं ना, त्याचं कारणही बहुतेक हेच.

अळतेकरांचा निकाल

स्पूनरचं उत्खनन पहिल्या महायुद्धाच्या काळात आटोपलं. दरम्यान त्याने आणखी एक उडी घेतली होती. कुम्हरारचं सभागृह हे इराणातल्या पर्सेपोलिसच्या शंभर खांबी दालनाची नक्कल आहे, असं म्हणून तो थांबला नाही. १९१५ साली त्याने मौर्य घराण्याचंच मूळ इराणी असल्याचं मांडलं. त्यावर अभ्यासकांत मोठा गदारोळ झाला आणि ते मत कुणी स्वीकारलं नाही. पण महापूर आणि खचलेले खांब मात्र पुस्तकांत राहिले.

ते पुन्हा तपासायला घेतले एका मराठी माणसाने. डॉ. अनंत सदाशिव अळतेकर, कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हाकवे गावचे. आयुष्याचा मोठा भाग त्यांनी उत्तरेत काढला, आधी बनारसला, मग पाटण्याला. राष्ट्रकूटांचा इतिहास, प्राचीन भारतातलं शिक्षण, गुप्तांची नाणी, सगळीकडे त्यांचं काम आहे. पाटण्याच्या काशीप्रसाद जायसवाल संशोधन संस्थेचे ते संचालक होते. १९५१ ते १९५५ या काळात त्यांनी आणि विजयकांत मिश्र यांनी कुम्हरार पुन्हा खणलं. त्यांना आणखी आठ खांबांच्या जागा मिळाल्या, आणि तेव्हापासून सभागृह ऐंशी खांबांचं झालं.

१९५९ साली त्यांचा अहवाल छापून आला. महापुराने सभागृह गाळाने भरलं आणि मग खांब खचत गेले, ही स्पूनरची मांडणी त्यांनी नाकारली. सभागृह आगीत गेलं हे त्यांनाही मान्य. पण ती आग त्यांनी शुंगकाळात, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास नेली.

यात एवढं काय मोठं, असं वाटेल. नळी खचण्याने झाली की खणण्याने, कुणाला पडली आहे?

फरक मोठा आहे. स्पूनरच्या क्रमात सभागृह आधी पाण्याने रिकामं झालं, मग दीर्घ काळ अर्धं बुडालेलं, बेवारस उभं राहिलं, आणि मग जळालं. म्हणजे राजधानी निसर्गाने मारली आणि आग नंतर एका मोडक्या वास्तूला लागली. अळतेकरांच्या क्रमात पूर उरतच नाही. वास्तू जळाली ती मौर्यांनंतर फार काळ न जाता. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: ती कुणी जाळली, की आपोआप पेटली? शुंगकाळात यवनांची स्वारी पाटलिपुत्रापर्यंत पोहोचल्याचा उल्लेख युगपुराणात आहे, आणि काही अभ्यासक ही आग त्या स्वारीशी जोडतात. एका नळीच्या कडा कशा वाचल्या यावर एका राजधानीचा शेवट पाण्याच्या नावावर लागतो की युद्धाच्या. फौजेत आपण ज्याला घटनाक्रम म्हणतो, तो चुकला की चौकशीचा सगळा निष्कर्ष चुकतो. इथे तेच.

लाकूड घाई करतं, दगड थांबू शकतो

एक मुद्दा राहिला. उभी वस्तू गाडली गेली याचा अर्थ ती झटपट गाडली गेली असा असतो का?

दगडाच्या बाबतीत नाही. दगडी खांब हजार वर्षं उघड्यावर उभा राहू शकतो. गाळ वर्षाला कागदाच्या जाडीने चढला तरी त्याची हरकत नसते. म्हणून दगडी खांबाकडे पाहून भोवतीच्या थरांचा वेग सांगता येत नाही.

लाकडाचं तसं नाही. उघड्यावरचं झाड मेलं की काही वर्षांत, फार तर काही दशकांत कुजून आडवं होतं. कॅनडातल्या जॉगिन्सच्या समुद्रकड्यात तीस कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांची दगड झालेली खोडं उभीच्या उभी दिसतात, अनेक थरांतून आरपार. १८५२ साली चार्ल्स लायल आणि विल्यम डॉसन यांना अशाच एका पोकळ खोडाच्या आत प्राचीन प्राण्यांची हाडं मिळाली. ती झाडं उभी राहिली याचा अर्थ, कुजण्याआधी त्यांच्याभोवती गाळ चढला. पण तो हिशेब फक्त त्या खोडाच्या उंचीपुरता. त्याच कड्यात एकावर एक अशा अनेक जंगलांच्या पातळ्या आहेत, प्रत्येकीला आपली मुळं आणि आपली माती. एक झाड लवकर गाडलं गेलं म्हणून अख्खा कडा लवकर उभा राहिला असं होत नाही. कोसीने चापाकल आठवड्यात गाडला, म्हणून सगळा बिहार आठवड्यात तयार झाला नाही.

पाटण्यातही लाकूड टिकलं आहे. बुलंदीबागेत तटबंदीचे उभे साली ओंडके निघाले. कुम्हरारला सभागृहाच्या दक्षिणेकडे सालाचेच सात चौथरे मिळाले, प्रत्येक सुमारे ३० फूट लांब. पाण्याखालच्या चिकट मातीत हवा पोहोचत नाही, हवा नसली की कुजवणारे जीव काम करू शकत नाहीत, म्हणून दोन हजारांहून जास्त वर्षांनी ते लाकूड हाताला लागलं. ज्या पाण्याने खणणाऱ्यांचे खड्डे पुन्हा पुन्हा भरून त्यांना हैराण केलं, त्याच पाण्याने ते लाकूड सांभाळलं होतं.

शेवटी पाण्याचीच सरशी झाली. भूजलाची पातळी आणि साचणारं पाणी यांमुळे उघडे ठेवलेले अवशेष बिघडू लागले, तेव्हा पुरातत्त्व खात्याने या शतकाच्या सुरुवातीला सभागृहाची जागा माती आणि वाळू टाकून पुन्हा झाकली. पाहायला काही नाही, ते या कारणाने. कुणी हलगर्जीपणाने बुजवलं म्हणून नव्हे. जपायचं असेल तर गाडून ठेवावं, हा त्या जमिनीचा सल्ला होता आणि तो मानला गेला.

कधी पाटण्याला थांबलात तर कुम्हरारला जाऊन या. शेडमधल्या खांबावर हात न ठेवता नुसती नजर फिरवा. चकाकी आजही आहे. मग हिरवळीवर उभे राहून हिशेब करा: पायाखाली आधी आपल्या काळातली भर, खाली विटा, खाली राख, खाली कोरी माती, आणि त्या सगळ्यांना कापत गेलेली ऐंशी भोकं. जमिनीतून वर आलेली कुठलीही जुनी वस्तू दिसली, वेशीवरचा वीरगळ असो की शेतातला दगड, तर तिला किती थर लागून आहेत हे शेवटी मोजा. आधी एवढंच पाहा की तिचा खड्डा कुठल्या पातळीवरून सुरू झाला, आणि थरांच्या कडा वळल्या आहेत की कापल्या आहेत.